दाराबाहेरची पायरी

वरूड, १२ जुलै २००५

शकुन,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुला कळलं असेल की हे माझं आहे. तरी उघडलंस, यातच मला अर्धं मिळालं. उरलेलं आता वाचून टाक.

मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे नीट बोलायला मी मोकळी. सव्वीस वर्षं वरूडात आपण दोघी नांदलो, तू मळ्यात आणि मी बाजारात. चांदूर बाजारच्या दोन पोरी एकाच गावात दिल्या गेल्या म्हणून आपल्या आयांनी पेढे वाटले होते. आणि गाव सोडताना तू माझ्या दारावरून सामानाचा ट्रक घेऊन गेलीस, खाली उतरली नाहीस. ट्रकवर तुझं शिलाई मशीन होतं, बादलीत लावलेली तुळस होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हात केला तर तू समोर बघत बसलीस.

असो. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे.

मागच्या आठवड्यात तुबाला चष्मा करायला अमरावतीला गेलो होतो. जयस्तंभ चौकाजवळ एक रद्दीवाला बसतो. त्याच्या ढिगात, स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली, काय सापडावं? आपली कादंबरी. रूथ आणि इल्काची. तीच, जी आपण सातवीत असताना चांदूरच्या वाचनालयातून इतक्या वेळा आणली की ग्रंथपाल महादेवराव म्हणाले, ‘पोरींनो, दुसरं काई आवडत नाई का तुमाले?’ मी तिथेच रस्त्यावर उभी राहून पहिलं पान वाचलं. तुबा म्हणाली, ‘अम्मी, लोक बघून राह्यले.’ बघू देत.

आता रोज दुपारी थोडं थोडं वाचते. काय पुस्तक आहे गं! त्यात काहीच होत नाही. दूर कुठल्या तरी नव्यानं वसवलेल्या मुलखात दोन घरं, मध्ये गवत, एक मुलगी तिथली आणि एक परमुलखातून आलेली. एकमेकींची भाषा शिकतात, विहिरीवर जातात, बर्फात अडकतात. बस. पण पहिल्याच पानावर रूथच्या बापाचा तो काळा घोडा इल्काच्या दारात येऊन उभा राहतो ना, तिथे माझे डोळे भरून आले.

मला आठवतं, मी मोठ्यानं वाचायचे आणि तू ऐकत पडायचीस. मुखपृष्ठ हिरवं होतं, नाही?

आमच्याकडे सगळं छान. मोईजचं काम जोरात आहे. तुबाला दोन स्थळं आली आहेत. किशोरच्या बापूंना माझा सलाम सांग.

तुझी
नईमा

~

वरूड, ३ ऑगस्ट २००५

शकुन,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझं नाही तर नाही, माझं चालू राहील. मला काय, पोस्टाची पेटी घरासमोरच आहे.

किशोरच्या मोबाइलवर मी परवा फोन केला. त्याचा आवाज आला, ‘मावशी, थांबा, आईले देतो.’ मग मागून तू म्हणालीस, ‘राँग नंबर म्हन.’ शकुन, तुझा आवाज खाली ठेवायला तुला कधी जमलं आहे का? सातवीत कानात सांगितलेलं सगळ्या वर्गाला ऐकू जायचं. आणि ते पोरगं इतकं सज्जन की मला खरोखरच म्हणालं, ‘मावशी, राँग नंबर.’ मी हसले. फोन ठेवला आणि मग हसू आलं नाही.

पत्ता त्यानंच दिला, हे तू ओळखलं असशीलच. त्याला रागावू नकोस. तहसीलीत सातबाऱ्याच्या कामाला आला होता, तेव्हा मीच त्याला हाताला धरून घरात आणलं, चहा पाजला आणि विचारलं. ‘मावशी, अकोल्याले जठारपेठेत राह्यतो आमी, दोन खोल्या हायेत. पन मी पत्ता देल्ला हे आईले सांगजा नोको.’

‘बापू काय करतात?’

‘एका बिल्डिंगच्या गेटवर बसतेत. सावली हाये तिथं.’

‘आणि आई?’

त्यानं कपातला चहा फिरवला. ‘आई घरीच असते.’



तुझी संत्र्याची बाग तोडल्याचं मला कसं कळलं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते. मोईजच्या पेट्यांच्या शेडसमोरून त्या उन्हाळ्यात रोज ट्रॅक्टर जायचे, संत्र्याची लाकडं भरलेले. साऱ्या पट्ट्यात बोअरला पाणी नव्हतं, सारे तोडत होते, त्यामुळे आम्ही बघणंही सोडलं होतं. एके दिवशी मोईज बाहेरून म्हणाला, ‘नईमा, इधर आ जरा.’ ट्रॅक्टर चहाला थांबला होता. खोडांवर गेरूची पट्टी. ती तर सगळ्यांच्याच झाडांना असते. पण ह्या पट्टीची कड फूटपट्टीनं आखावी तशी सरळ होती, एकूण एक खोडावर. वरूड तालुक्यात झाडाला गेरू लावताना तुझ्याशिवाय कोण दोरी बांधून कड आखतं?   एका खोडाला हात लावला तर बोटं लाल झाली.

त्याच दिवशी मी यायला हवं होतं, असं तुला वाटत असेल. मी आले होते. फाटकाला साखळी होती आणि तू आत होतीस, कारण चुलीचा धूर दिसत होता. मी हाका मारल्या. तू आली नाहीस.

पुस्तकात आता बर्फाचं प्रकरण आलं आहे. इल्का बर्फात रडत बसते आणि रूथ तिला खांद्यावर घेऊन घरी आणते. किती धीट होती ती रूथ.

नईमा

~

वरूड, २४ ऑगस्ट २००५

शकुन, शकुन, शकुन,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन देऊन गेला तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच हातानं घेतलं, आता कार्डाला कणीक लागली आहे.

ना ‘प्रिय’, ना सही. इतकंच:

‘घोडा नव्हता. खेचर होतं. करडं. रडली रूथ, उचलून आणलं इल्कानं. पुस्तक मी वाचत होते, तू कापूस निवडत होतीस. मुखपृष्ठ निळं. काही धड लक्षात ठेवत जा.’

अगं बाई, मला ठाऊक आहे खेचर होतं. पुस्तक माझ्या मांडीवर आहे ना. पण मला हेही ठाऊक आहे की चुकीचं ऐकून तुला गप्प बसवत नाही. जोशीबाईंनी फळ्यावर गणित चुकवलं, तेव्हा तुला ताप होता, तरी तू बाकावर उभी राहिलीस. तू खाणंपिणं सोडशील, माणसं सोडशील, पण चूक सोडणार नाहीस. त्यावर मी सगळी भिस्त ठेवली होती. खरी ठरली की नाही?

मोईज म्हणतो, ‘तुमा दोघींचं डोकं तपासून घेतलं पायजे.’ म्हणू दे.

हो, वाचायचीस तूच. अब्बांच्या पिंजण्याच्या दुकानात, मागच्या बाजूला, कापसाच्या ढिगावर पाय पसरून. मला निवडायचं काम असायचं म्हणून माझे हात रिकामे नसत. बर्फाचं प्रकरण आलं की तू वाचता वाचता थांबायचीस आणि ओरडायचीस, ‘रऊफचाचा, आता!’ अब्बा मशीन सुरू करायचे. सगळीकडे पांढरं उडायचं, तुझ्या वेणीवर, पानांवर, माझ्या नाकात. मला शिंका सुरू व्हायच्या, एकामागून एक, आणि तू म्हणायचीस की रूथ बर्फात शिंकत नाही, नीट कर. आपल्यापैकी कोणीच बर्फ पाहिलेला नव्हता. मी अजूनही पाहिलेला नाही. पण पुस्तकात बर्फ आला की मला आजही नाक चोळावंसं वाटतं.

आणि भांडण आठवतं का? इल्का कोण? तू म्हणायचीस, ‘माहं वावर आहे, मी इल्का.’ मी म्हणायचे, आमच्या घरात वेगळी भाषा बोलतात, तेव्हा इल्का मीच. रूथ व्हायला दोघीही तयार नसायचो, कारण रूथ गाव सोडून जाते. अम्मी एकदा वैतागून म्हणाली, ‘दोनों इल्का बन जाओ, लेकिन ये कपास उठाओ.’

आता सांग, गेलं कोण आणि राहिलं कोण?

तुझ्या कार्डावरचा पत्ता तू स्वतःच्या हातानं लिहिला आहेस. माझ्या नावापुढे ‘बी’ लावायला विसरली नाहीस. मी कार्ड देवळीत ठेवलं आहे, कणकेसकट.

पुढचं वाच आणि चुका काढ. मी बऱ्याच करणार आहे.

नईमा

~

वरूड, २१ सप्टेंबर २००५

शकुन,

भुलाबाई बसल्या. समोरच्या पार्बताबाईंच्या अंगणात संध्याकाळी पोरी गातात आणि नंतर खाऊ ओळखायला बसतात. मी गॅलरीतून ऐकते. तुझ्या आईच्या, मैनाकाकूंच्या अंगणात तुझ्याशेजारी मी बसायचे, तेव्हा पहिल्या दिवशी कोणीतरी विचारलं होतं, ‘हे कावून आली?’ आणि तुझी आई म्हणाली होती, ‘कावून म्हंजे? तिच्याबिगर खाऊ ओळखन कोन?’

खरंच कोण ओळखणार होतं? डब्याला कान लावून हलवायचा, झाकणाच्या फटीला नाक लावायचं, आणि सांगायचं. भाजकं खोबरं, चुरमुरे, लिमलेटच्या गोळ्या. तू रोज मला हरवायला नवं काहीतरी घालायचीस. एकदा फडक्यात गुंडाळून खारका घातल्यास, म्हणजे वाजू नयेत. मी त्याही ओळखल्या. तुझ्या डब्यापुढे मी कधी हरले नाही. तो माझा तोरा होता आणि तुला त्याचा फार राग यायचा. रिवाज असा की कोणालाच ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी ‘हरलो’ म्हणायचं आणि जिनं डबा भरला तिनं समोर येऊन स्वतःच्या हातानं उघडायचा. तुला ते एकदा तरी करायचं होतं. मी करू दिलं नाही.

तुझं दुसरं कार्ड आलं नाही. मागच्या पत्रात मी मुद्दाम सात चुका केल्या असत्या, पण आनंदात विसरले. आता चुका करायचं मन नाही. आता खरं लिहिते.

पुस्तक संपलं. शेवट आपल्याला तेव्हा आवडला नव्हता, आठवतं? रूथ मोठी होऊन, म्हातारी होऊन परत येते. इल्काचं शेत गेलेलं असतं. ती दुसऱ्यांचे कपडे धुते. रूथ आलेली पाहून ती घरात जाते आणि कडी लावते. रूथ दार वाजवत नाही. पायरीवर बसते आणि लहानपणच्या गोष्टी बोलत राहते, एकटीच, मोठ्यानं, आणि सगळ्या चुकीच्या सांगते. घोड्याला खेचर म्हणते की खेचराला घोडा, ते तू बघ. आतून बराच वेळ काही नाही. मग इल्काचा आवाज येतो, ‘चूक.’ मग थोड्या वेळानं कडी हलल्याचा आवाज. पुस्तक तिथंच संपतं.

हो, तो डाव मी तिथूनच चोरला. पुस्तकातल्या बाईला जमलं ते मला का जमू नये?

तेव्हा आपण किती भांडलो होतो. मी म्हणत होते, दार उघडलं. तू म्हणत होतीस, ‘लिहेल नाई ना, मंग नाई उघडलं.’ मी चिडून पुस्तक तुझ्या अंगावर फेकलं होतं. महादेवरावांनी नवा पुठ्ठा लावला.

शकुन, तू घरी नसतेस हे मला माहीत आहे. किशोर पुन्हा आला होता, तेव्हा त्याला मी सरळच विचारलं. पोरगं खाली बघत म्हणालं, ‘आई मेसमंदी पोळ्या लाटते, मावशी. कॉलेजच्या पोराईची मेस हाये. तुमाले सांगू नोको म्हने.’ कावून नको? मला सांगायचं नाही, तर कोणाला सांगायचं? तुझ्या हातच्या पोळ्या खायला मिळतात म्हणून मला तर त्या पोरांचा हेवा वाटला. तुझ्या पोळीचे काठसुद्धा गेरूच्या पट्टीसारखे नेमके असणार.

तुला वाटतं, मी इकडे खुशाल बसले आहे आणि तू तिकडे दुसऱ्याच्या ओट्याशी उभी आहेस. म्हणून तू उतरली नाहीस ट्रकमधून. मी तसं वाटू दिलं, पहिल्याच पत्रात थाप मारली. मोईजचं काम जोरात नाही. बागाच राहिल्या नाहीत तर पेट्या कशाच्या भरणार? शेड भाड्यानं दिली आहे, आत सिमेंटच्या थैल्या आहेत. मोईज त्या थैल्यांवर लक्ष ठेवतो. म्हणजे तुझे खुशालराव गेटवर आणि मोईज शेडवर, दोघं सारखेच. संत्र्याच्या पेट्या ठोकायचा हातोडा त्यानं अजून खुंटीला टांगून ठेवला आहे. मी पुसते कधीमधी.

आता तूच सांग, आपल्यात कोणाला कोणाची लाज वाटायची?

मला तुझी फार आठवण येते. कपडे वाळत घालताना येते, बाजारात कोणी भाव चुकीचा सांगितला की येते, तुबाच्या स्थळांचं बोलणं निघालं की येते, कारण मुलाकडच्यांना उलटतपासणी घेणारं आमच्याकडे कोणी नाही. माझ्या घरच्या सगळ्यांना मी हवी आहे, पण सातवीतल्या मला ओळखणारी तू एकटीच उरली आहेस. अब्बा गेले, अम्मी गेली, मैनाकाकू गेल्या. तूही कडी लावून बसलीस तर मग मी कोणाला विचारू की खेचर करडं होतं की नाही?

मी अकोल्याला येऊ शकते. एसटी आहे. पण मी तुझ्या फाटकाशी एकदा हाका मारून आले आहे. पुन्हा तसं परत यायची हिंमत माझ्यात नाही. ह्या वेळी तू ये. एक दिवस ये. कोजागिरीपर्यंत तरी काही कळव. तोवर मी पायरीवर बसले आहे असं समज.

नईमा

~

वरूड, १७ ऑक्टोबर २००५, कोजागिरी

शकुन,

दुपारी किशोर आला. सातबाऱ्याचं काम म्हणे. हातात पिशवी, पिशवीत पितळेचा डबा. पाहताक्षणी ओळखला, मैनाकाकूंचा भुलाबाईचा डबा, झाकणावर पोचा आहे तो. झाकण सुतळीनं करकचून बांधलेलं.

‘आईनं देल्ला,’ तो म्हणाला. ‘अन् सांगतलं का ओळखल्याबिगर उघडाचा नाई.’

‘आणखी काय म्हणाली?’

‘काईच नाई. पन सकाळपासून तो डबा तिनं तीन डाव बांधला अन् सोडला.’

त्याला जेवायला वाढलं. माझा रोजा होता. डबा समोर ठेवून मी बसले. तुबा शेजारी बसली, मोईज शेडमधून आला तो दारातच उभा राहिला.  मी हलवून पाहिला. वाजला नाही. पुन्हा हलवला, कानाशी धरून. आत काही आहे की नाही, इतका हलका. चुरमुरेही वाजतात. खोबऱ्याला वजन असतं. तू फडक्यात गुंडाळलं असशील म्हणून तळाला बोटांनी टिचक्या मारल्या. काही नाही.

मग सुतळीखालून झाकणाच्या फटीला नाक लावलं.

मला शिंक आली. मग दुसरी. मग थांबेचनात, डोळ्यांतून पाणी. तुबा हसायला लागली, ‘अम्मी, काय झालं?’ मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, जुन्या डब्याची धूळ असेल. मोईज माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याला मी अब्बांच्या दुकानातल्या शिंकांची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. तो म्हणाला, ‘समजलं का काई?’

मी म्हटलं, नाही.

किशोर जायला निघाला तेव्हा विचारत होता, आईला काय सांगू? मी म्हटलं, चिठ्ठी देते. ती हीच. त्याची रात्रीची बस सुटायच्या आत लिहायची आहे म्हणून अक्षर असं.

इफ्तार झाली. खजूर खाल्ला. पार्बताबाईंच्या अंगणात दुधाचं पातेलं चढलं आहे, पोरी आज शेवटचं गात आहेत, तुबा खाली गेली आहे. डबा माझ्यासमोर आहे, तुझ्या गाठीसकट. मी त्याला हात लावणार नाही.

शकुन, मला ओळखता आलं नाही. मी हरले.

रिवाज तुला ठाऊक आहे.

नईमा